दर दहा मिनिटांनी

सकाळपासून तीच खिडकी:
वर नाव भरलेलं, खाली पासवर्डची रिकामी चौकट.
झेफेरिनबाब एकेक अक्षर बोटाने शोधून भरतात,
एंटर दाबतात,
चौकट क्षणभर जाते आणि परत येते
उधारी वसूल करणाऱ्यासारखी.

कुडचडे बाजार. बार्रेटो ऑटो स्पेअर्स.
खाणी थांबल्या तेव्हापासून निम्मी शेल्फं प्लास्टिकने झाकलेली,
उरलेली मेलवर येणाऱ्या ऑर्डरींवर तगून आहेत.
"सोमारा पासवर्ड बदल्लो," ते म्हणतात,
"तेन्नाच्यान हें अशें."

मी आधी कॅप्स लॉक पाहतो. (हसू नका,
माझं अर्धं उत्पन्न कॅप्स लॉकवर आहे.)
मग साठवलेले जुने पासवर्ड पुसतो,
येणाऱ्या मेलचा एक, जाणाऱ्याचा वेगळा.
घर एकच, पण कुलपं दोन,
एकाची चावी बदलली की दुसरं रुसतं
हे कुणी सांगत नाही.
सदुसष्ट मेल धडाधड उतरतात.
टिपरचे ब्रेक लायनर, कुणाची तरी क्लचप्लेट,
एक दसऱ्याची शुभेच्छा, शिळी.
मी पिशवीची चेन लावतो.

आणि खिडकी.

मग सर्व्हरच्या नोंदी उघडाव्या लागतात.
दहा वाजून दोन, चुकीचा पासवर्ड.
दहा बारा, चुकीचा पासवर्ड.
दहा बावीस.
पाच चुका झाल्या की सर्व्हर दारच लावून घेतो,
खरी चावी हातात असलेला माणूसही मग बाहेर.
ठोठावणाऱ्याचा पत्ता: स्विंडन, इंग्लंड.

"तिथे तुमचं कोण?"
काउंटरवरचा ग्रीसचा डाग ते अंगठ्याने पुसत राहतात.
डाग जुना आहे, निघत नाही.
"भयण. एर्मेलिंद."
मग न विचारताच: वाटणीचे कागद, मडगावचं कोर्ट,
दुकानातला अर्धा हिस्सा,
आणि सोमवार.
"रात्रंदीस म्हजें दार मोडपाक सोदता ती!"

नाही, मी म्हणतो.
माणूस इतक्या शिस्तीत ठोठावत नाही.
माणूस चिडतो, दमतो, एक शिवी हासडून निघून जातो.
हा तिचा फोन आहे.
तिथे आत्ता पहाटेचे साडेपाच,
ती झोपलेली असेल किंवा गोदामातल्या रात्रपाळीत,
फोन खिशातल्या खिशात
जुना पासवर्ड म्हणत राहतो
कारण कुणी त्याला कळवलेलं नाही.

"जुना कोणता होता?"
ते गप्प. मग हळूच, जणू अजून गुपितच आहे:
पापाच्या पहिल्या ट्रकचा नंबर.
जीडीझेड, आणि पुढचे चार आकडे
मला सांगताना त्यांचा आवाज
चढावर दुसरा गिअर टाकल्यासारखा होतो.

"तोच परत घाल. म्हणजे तिचें चलतलें,
म्हाका फोन करचो पडचो ना."
मी घालून पाहतो.
सर्व्हर उत्तर देतो, तांबड्या अक्षरांत:
हा पासवर्ड पूर्वी वापरलेला आहे.
दुसरा निवडा.

आम्ही दोघंही त्या ओळीकडे पाहत बसतो.
बाहेर सावर्ड्याकडे जाणारी बस हॉर्न देते.

मग मी दोन वाटा सांगतो, धंद्याच्या भाषेत:
तो पत्ता कायमचा अडवू,
नाहीतर नवीन पासवर्ड तिला कळवा.
ते म्हणतात, चहा घेऊन ये जा.
चहा नको होता. गेलो.
परतलो तेव्हा रिसीव्हर जागेवर होता
आणि कॅलेंडरचं पान, ज्याच्या मागे
नवा पासवर्ड लिहिला होता,
उलटं करून टाचलेलं.
मी काही विचारलं नाही. साडेतीनशे घेतले.

रात्री घरून नोंदी पाहिल्या, पाहायला नको होत्या.
नऊ बावन्न, चुकीचा.
दहा दोन, चुकीचा.
दहा बारा वाजता काही नाही.
दहा बावीसलाही नाही.
आत आली असती तर तशी नोंद असती.
दार अडवायला मला कुणी सांगितलं नव्हतं.
कदाचित तिनेच ते खातं फोनवरून काढून टाकलं.
कदाचित बॅटरी संपली.

साडेदहापर्यंत मी पान ताजं करत राहिलो,
दर दहा मिनिटांनी.